आंबोलीत धावायचे कुठे?

आंबोलीला लोक कशासाठी जातात, हे बेळगावकराला सांगायला नको. जुलै उजाडला की रविवारी सकाळी गाड्या निघतात. धबधब्याखाली भिजायचे, भाजलेले कणीस आणि गरम भजी खायची, कावळेसादला वाऱ्याने छत्री उलटी करून घ्यायची आणि अंधार पडता पडता ओल्या कपड्यांचे बोचके घेऊन घरी परतायचे. मीही पंधरा-वीस वर्षे हेच करत आले. आंबोलीला पळायला जाणारी बाई अशी माझी ख्याती झाली ती गेल्या चार वर्षांतली.

त्याला कारण झाला एक कागद. आमच्या महाविद्यालयात आरोग्य तपासणीचे शिबिर होते. सगळ्यांबरोबर मीही हात पुढे केला. आठ दिवसांनी डॉक्टर कागद बघत म्हणाले, "मॅडम, साखर अगदी सीमेवर आहे." बेळगावात जन्म गेलेल्या माणसाला सीमेवर असणे म्हणजे काय ते समजावून द्यावे लागत नाही. हा प्रश्न असाच लोंबकळत ठेवला तर पुढे काय होते तेही मी घरात पाहिले होते. माझ्या वडिलांचा उजवा पाय मधुमेहामुळे घोट्याच्या वर कापावा लागला. ते आयुष्यभर बसचे चालक होते. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर सांभाळणारा नेमका तोच पाय.

डॉक्टर म्हणाले, रोज भरभर चाला, जमले तर हळूहळू पळा. बेळगावात चालायचे म्हणजे टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो. झाडी आहे, मोकळी हवा आहे, सगळे आहे. पण माणसेही आहेत आणि त्यातली निम्मी ओळखीची. चालत होते तोवर ठीक होते. ज्या दिवशी चार पावले पळाले त्या दिवशी एका माजी विद्यार्थ्याने मोटारसायकल थांबवून विचारले, "मॅडम, काही झालं काय?" सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या दोघींनी ती बातमी माझ्या आधी घरी पोचवली. पन्नाशीकडे झुकलेली, मराठी शिकवणारी बाई ओढणी बांधून पळते, हे दृश्य पचायला गावाला वेळ लागतो. तो वेळ गावाने घ्यावा, पण मला तेवढा नव्हता.

म्हणून आंबोली. बेळगावपासून ते सत्तरएक किलोमीटरवर आहे. शिनोळी, पाटणे फाटा, नागनवाडी, कानूर असे करत शनिवारी दुपारी निघावे तर चहाच्या वेळेला तिथे. यजमानांचे एक स्नेही तिथे घरगुती निवास चालवतात. महिन्यातून एकदा तिथे मुक्काम करायचा आणि दोन सकाळी पळायचे, असा बेत ठरला. या चार वर्षांत जे रस्ते पायाखालून गेले त्यांच्याबद्दल लिहावे, असे बऱ्याच जणींनी सुचवले म्हणून हा लेख.

आधी एक गैरसमज दूर करते. थंड हवेचे ठिकाण म्हणजे उंच जागा, तिथे हवा विरळ, दम लागणार, असे लोकांना वाटते. आंबोलीची उंची आहे सुमारे 690 मीटर. आपले बेळगाव साडेसातशेच्या आसपास आहे. म्हणजे आपण आंबोलीला 'वर' जात नाही, थोडे खालीच उतरतो. हे मी वर्गात सांगितले तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. आंबोली उंच वाटते ती कोकणातून बघणाऱ्याला. सह्याद्रीच्या अगदी कडेवर ती बसली आहे आणि तिच्या पायाशी एकदम खोल दरी आहे. समुद्रावरून आलेले ढग त्या कडेला आपटतात आणि वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस ओततात.

तेव्हा आंबोलीत दम लागतो तो उंचीमुळे नव्हे, दमटपणामुळे. पळताना घाम येतो तो वाळावा म्हणून. घाम वाळला की अंग गार होते. पावसाळ्यात तिथल्या हवेत आधीच इतके पाणी असते की घाम वाळत नाही, नुसता वाहतो. हवा गार असल्यामुळे आपल्याला कळतही नाही आणि दोन किलोमीटरांनंतर छातीत धडधड सुरू होते. पहिल्या वेळी मी घाबरून रस्त्याच्या कडेला बसलेच. आता साधा हिशोब ठेवते. पळताना एक अख्खे वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य तुटायला लागले की चालायचे. पाणीही आठवणीने प्यायचे, तहान लागली नाही तरी.

आता रस्ते.

नवशिक्यांसाठी महादेवगडाचा रस्ता. गावापासून दोन-तीन किलोमीटर, दोन्ही बाजूंना दाट झाडी आणि शेवटाला एकदम मोकळे आकाश. गड म्हणून बघायला तिथे फारसे काही उरलेले नाही, पण कड्यावरून कोकण दिसते. धुके नसेल तर, हे अर्थातच गृहीत. जाऊन आले की पाच-सहा किलोमीटर होतात आणि कुठे दमले तर परत फिरणे सोपे. जांभ्या दगडाचा भाग आला की मात्र पळू नका. पावसात त्यावर शेवाळाचा हिरवा थर चढतो आणि तो साबणापेक्षा निसरडा असतो. माझ्या डाव्या कोपरावर त्याची खूण आहे.

हिरण्यकेशीचा रस्ता माझा सर्वांत आवडता. मुख्य रस्त्यापासून फाटा फुटला की वाहनांचा आवाज मागे पडतो. गावापासून चार-पाच किलोमीटरवर महादेवाचे देऊळ आहे आणि त्याला लागून गुहा. त्या गुहेतून बारा महिने पाणी बाहेर येते, तीच हिरण्यकेशी नदी. आपल्या लोकांचे या नदीशी नाते आहे, पण ते फारसे कुणाच्या लक्षात नसते. ती कोकणात उतरत नाही. कड्याच्या इतक्या जवळ जन्मून ती पाठ फिरवते आणि पूर्वेकडे चालू लागते. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत पुढे घटप्रभेला मिळते. म्हणजे आंबोलीच्या गुहेतले पाणी बेळगाव जिल्ह्याच्या शेतात येते. तिथे कुंडाच्या काठी बसून बूट सोडताना मला नेहमी वाटते की ही आपल्याआधी घरी पोचणार.

त्याच कुंडातल्या एका छोट्या माशाला संशोधकांनी 2020 मध्ये 'शिस्टुरा हिरण्यकेशी' असे नाव दिले. तोवर विज्ञानाला तो माहीत नव्हता. पुढच्याच वर्षी, 2021 मध्ये, राज्य सरकारने त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. तेव्हा घामेजलेले पाय कुंडात बुडवून बसायचा मोह आवरा. बाहेर ओढ्याला भरपूर पाणी आहे.

चौकुळचा रस्ता जरा अनुभवी मंडळींसाठी. वर-खाली, वर-खाली असा तो जातो. मध्येच जंगल, मध्येच गवताचे उघडे माळ. चढावर हळू जावे, हे सगळे सांगतात. उतारावर त्याहून हळू जावे, हे कोणी सांगत नाही. चढाला छाती थकते, पण गुडघे बिघडतात ते उताराने. लांब टांगा टाकायच्या नाहीत, पाऊल शरीराच्या खालीच पडेल इतके छोटे टाकायचे. एप्रिल-मेमध्ये गेलात तर वेळ बघू नका, कारण कडेच्या जाळीतली करवंदे तुम्हाला वेळेवर पोचू देणार नाहीत.

याच रस्त्यावर माझी आणि गव्याची भेट झाली. ऑगस्टची सकाळ होती. धुके इतके की पुढचे दहा हात दिसत नव्हते. मी एकटी होते. सुरुवातीचे काही महिने यजमान माझ्यामागून गाडी पहिल्या गियरमध्ये चालवत यायचे आणि मला वरातीतल्या घोड्यासारखे वाटायचे. भांडून मी ते बंद केले होते. वळण घेतले आणि समोर रस्त्यात एक काळी भिंत. भिंतीने मान वळवली तेव्हा कळले. पाठ फिरवून पळावे तर ते मागे येईल, ओरडावे तर आवाज फुटेना. उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मागून एक दूधवाला मोटारसायकलवरून आला. त्याने माझ्याजवळ गाडी बंद केली आणि काहीच न बोलता तोही थांबला. गवा सावकाश उतरून जंगलात गेला. मग तो म्हणाला, "ताई, धुक्यात गाणं म्हणत पळा. त्याला बी कळलं पायजे न्हवं, कोण येतंय ते."

त्या दिवसापासून मी धुक्यात मोठ्याने म्हणत पळते. गाणे नाही येत, म्हणून पाढे म्हणते. एकोणतीसच्या पाढ्याला बरोबर एक वळण होते.

बाईमाणसाने एकटीने पळावे का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून उत्तर देते. आंबोलीत मला माणसांची भीती वाटली ती फक्त शनिवार-रविवारी, धबधब्याच्या बाजूला, हातात बाटल्या घेऊन गाड्यांच्या टपावर नाचणाऱ्यांची. त्या बाजूला मी जातच नाही. बाकी रस्त्यांवर गावची माणसे भेटतात. ती थांबतात, बघतात आणि विचारतात. पहिल्याच महिन्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या एका आजींनी मला अडवले होते. "काय गो बाय, कोण पाठी लागलो काय?"

मराठीची प्राध्यापिका म्हणून त्या प्रश्नाने मला गाठलेच. 'धावणे' हा शब्द पुस्तकात. आपल्या बेळगावकडे सगळे 'पळणे' म्हणतात आणि पळणे म्हटले की मागे कोणीतरी लागलेले असतेच. मी त्यांना सांगितले, "साखर लागली पाठी." आजी मनापासून हसल्या. त्यांच्या घरातही कोणाला तरी होतीच. आता त्यांना मी दिसले नाही तर त्या निवासाच्या मालकांकडे चौकशी करतात. तरीही सावधगिरी म्हणून सांगते. नवीन असाल तर दोघी मिळून जा. कुठल्या रस्त्याला चाललात आणि किती वाजता परत येणार, हे मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघा. जंगलात शिरलात की मोबाइलच्या भरवशावर राहू नका.

घाटात मात्र पळू नका. अगदी कोणीही, कधीही. गावापासून मोठ्या धबधब्यापर्यंत अंतर जेमतेम तीन किलोमीटर आहे, म्हणून अनेकांना मोह होतो. पण हा संकेश्वर-बांदा महामार्ग आहे. एका बाजूला कडा, त्यावरून सुटणाऱ्या दरडी, दुसऱ्या बाजूला कठडा, मध्ये मालमोटारी आणि धुके. पूर्वी वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेला माल बेळगावच्या छावणीपर्यंत आणायला इंग्रजांनी याच अंगाने रस्ता काढला आणि त्याच रहदारीवर आंबोली हे थंड हवेचे ठिकाण म्हणून वाढले. म्हणजे हा रस्ता मुळापासून गाड्यांचा आहे. तो त्यांना सोडून द्यावा.

कावळेसादचेही तसेच, पण कारण वेगळे. गेळे गावाकडून तिथे जायचा रस्ता सकाळी पळायला झकास आहे. मोकळा माळ आणि भन्नाट वारा. दरीतून येणारा तो वारा धबधब्याचे पाणी उलटे वर फेकतो, ते सगळ्यांनी पाहिले आहे. अडचण आहे ती शेवटच्या सड्याची. सडा म्हणजे जांभ्याचे पठार. वरून ओसाड खडक दिसतो, म्हणून लोक त्यावर गाड्या घालतात, क्रिकेट खेळतात. एका पावसाळ्यापर्यंत मीही त्यावर फेऱ्या मारत होते.

ते का सोडले, ते सांगायला मला अजून जड जाते. जूनच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. रात्री पहिला मोठा पाऊस झाला होता. उन्हाळ्याची सवय म्हणून मी पहाटे पाचला अंधारातच निघाले. टोपीला छोटी बॅटरी लावली होती. तिचा उजेड समोर लांब पडत होता, पायाशी नाही. अर्ध्या किलोमीटरवर पायाखाली काहीतरी मऊ दबले. मला वाटले, ओले पान. पुन्हा दबले तेव्हा उजेड खाली केला. रस्ताभर बेडूक होते. काही टुणटुणत पलीकडे चालले होते, काही गाड्यांखाली चपटे झाले होते आणि एक माझ्या बुटाखाली होता. मी तिथून चालत परत आले, एकेक पाऊल बघून टाकत. अर्धा किलोमीटर यायला वीस मिनिटे लागली.

नंतर वाचन केले. आंबोलीच्या नावाचा एक भेक आहे, 'आंबोली टोड'. संशोधकांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले ते 2009 मध्ये. अंगावर पिवळसर पट्टे, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात वाघ आहे. जगात तो याच परिसरात सापडतो आणि नष्ट होण्याचा धोका सर्वाधिक असलेल्यांच्या यादीत त्याचे नाव आहे. पहिला पाऊस पडला की सड्यावरच्या खोलगट जागांत चार बोटे पाणी साठते, त्यात तो अंडी घालतो. मी ज्याला डबके समजून त्यावरून उडी मारत होते, ती त्याची बाळंतिणीची खोली होती. माझ्या बुटाखाली आलेला बेडूक कुठल्या जातीचा होता हे मला माहीत नाही. मी पुन्हा बघायचे धाडस केले नाही.

तेव्हापासूनचा नियम असा. जून ते सप्टेंबर, स्वच्छ उजाडल्याशिवाय पळायचे नाही आणि दिवेलागणीनंतर तर नाहीच. बेडकांची वर्दळ रात्रीची असते. पाऊस लागून असेल तर त्या दिवशी चालायचे. सड्यावर पाऊल टाकायचे ते मळलेल्या वाटेवरच. गाडीने येताना रात्र होत असेल तर वेगही कमी ठेवावा. हे पळणाऱ्यांपेक्षा गाडीवाल्यांनी ऐकायला हवे, पण ते हे पान वाचतील की नाही कोण जाणे. उजाडल्यावर गेल्याचा आणखी एक फायदा आहे. झुडपाच्या फांदीवर वेटोळे घालून बसलेला हिरवा चापडा दिसतो. तो विषारी असतो आणि पानासारखाच असतो. तोल जाऊन फांदी धरायची सवय सोडा.

बाकी बारीकसारीक. जळवांना घाबरू नका. मीठ लावले की सुटतात, ओढून काढायच्या नाहीत. बुटांचे दोन जोड न्या. ओला जोड रात्री आतून जुनी वर्तमानपत्रे कोंबून ठेवला की सकाळपर्यंत बराच वाळतो. (या साप्ताहिकाचा कागद चांगला शोषून घेतो, संपादकांनी राग मानू नये.) निवांत पळायचे असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. हवा कोरडी, आकाश स्वच्छ आणि भजीवाल्यांकडेही गर्दी नसते.

वडील आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. बेळगाव-वेंगुर्ला गाडीवर त्यांनी कितीतरी वर्षे काढली. मी परतले की ते कुठल्या रस्त्याला गेले होतीस ते विचारतात आणि मग त्या फाट्यावर कोण हात करायचे, कुठल्या मोरीवर पाणी चढायचे ते सांगतात. मी हिरण्यकेशीचे वर्णन करत होते तेव्हा कळले की त्यांनी ते देऊळ पाहिलेलेच नाही. इतकी वर्षे त्या फाट्यावर माणसे उतरवली, पण आत वळायला गाडीला वेळ नव्हता.

गेल्या डिसेंबरात त्यांना घेऊन गेलो. देवळाजवळच्या पायऱ्या त्यांना कठीण होत्या, तरी माझ्या आणि यजमानांच्या खांद्यावर हात टाकून ते कुंडापर्यंत उतरले. कुबडी कडेला ठेवून बराच वेळ बसले. पाणी डोळ्यांना लावले. दुसऱ्या सकाळी चौकुळच्या रस्त्याला एका वळणावर गाडी उभी केली आणि ते म्हणाले, "जाऊन ये, मी बघतो." दोन किलोमीटर जाऊन परत यायचे ठरले. ऊन कोवळे होते, रस्ता कोरडा होता, धुके नव्हते, तरी सवयीने पाढे म्हटले. परत आले तेव्हा दार उघडे ठेवून, पाय बाहेर सोडून ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसले होते.

"चौतीस मिनिटं," ते म्हणाले. "गाडी लेट आहे. पण येते."